अव्वाची डावी बाजू

उदगीर,
सोमवार, १२ जानेवारी २०२६

प्रिय अक्का,

फोनवर आपलं बोलणं होतच असतं, तरी याला आता पत्र कुठून सुचलं, असं तू म्हणशील. फोनवर मी तीनदा सुरुवात केली. तिन्ही वेळा तू मधेच "आज वजन किती भरलं? पाणी किती प्यालास?" म्हणून विचारलंस आणि तोंडाशी आलेलं मी गिळून टाकलं. म्हणून लिहायला बसलोय. घरात कुणी नसताना वाच. दाजींना दाखवायचं की नाही ते नंतर तू ठरव. तुझ्या पुनमच्या हाताला मात्र लागू देऊ नकोस, ती आता दिसेल ते वाचते.

आधी खुशाली. डायलिसिस मंगळवारी आणि शुक्रवारी ठरल्याप्रमाणे चालू आहे. अप्पांचा खोकला कमी झालाय. हरभरा घाट्यांवर आलाय, त्यामुळे ते शेतातून लवकर परतत नाहीत. नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलेला व्यायाम मी नेमानं करतोय. दोन वर्षं लघवीच तयार होत नाही म्हणून माझं मूत्राशय कोरडं पडून आक्रसलंय. तुझी किडनी बसवण्याआधी त्याला पाणी धरायची सवय परत लावायची आहे. सकाळ-संध्याकाळ बेंबीतून नळी घालून सलाईनचं पाणी आत सोडतो, धरवेल तितकं धरतो आणि काढून टाकतो. पहिल्या दिवशी अर्ध्या वाटीलाच कळ आली. काल दोन वाट्या धरल्या. डायलिसिसच्या नर्सबाईंना सांगितलं तर त्या खूश झाल्या. मी झालो नाही. आत भरलेलं ते पाणी गार होतं, अक्का. तेरा वर्षं माझ्या पोटात जे साठायचं ते ऊन असायचं. हा फरक अंगाला कळला आणि त्यानंतर मला स्वस्थ बसवेना.

तुला पुष्कळसं माहीत आहे, तरी पहिल्यापासून लिहितो. क्रमानं गेलो नाही तर मी सोयीचं तेवढंच सांगेन. मी आठ महिन्यांचा असताना माझं पोट फुगून ताठ झालं. गावातल्या बाया नजर लागली म्हणत होत्या. अव्वानं माझी दुपटी बघितली. ती दिवसभर नुसती ओलसर असायची, चिंब कधीच नाही. तेवढ्यावरून तिनं ओळखलं की लेकराची लघवी अडतेय. मला उचलून एकटीनं एस.टी. धरली आणि लातूर गाठलं. माझ्या मूत्रमार्गात जन्मापासूनच एक पातळ पडदा होता, झडपेसारखा. लघवी तिथं अडायची आणि उलटी वर किडन्यांकडे चढायची. डॉक्टरांनी पडदा काढला, पण मी अव्वाच्या पोटात असल्यापासून जे बिघडत आलं होतं ते काही सुधारलं नाही. मग माझ्या ओल्या चड्ड्या, त्या हौदावर धुणारी तू, शाळेतल्या पोरांनी मला ठेवलेलं ते नाव, आणि ते नाव घेतलं म्हणून एकाच्या डोक्यात तू घातलेली पाटी. पंधराव्या वर्षी माझ्या दोन्ही किडन्या संपल्या.

हैदराबादच्या डॉक्टरांनी अप्पांना कागदावर चित्र काढून समजावलं होतं. या पोराचं मूत्राशय इतकं टणक झालंय की त्याला चांगली किडनी जोडली तर तीही वाया जाईल, आधी ते नीट करू. त्यांनी माझ्या आतड्याचा तुकडा काढून मूत्राशयाला ठिगळासारखा लावला, ॲपेंडिक्सची बारीक वाट केली आणि तिचं तोंड बेंबीत आणून सोडलं. यापुढे लघवी बेंबीतून, नळीनं, दर चार तासांनी, जन्मभर. सहा महिन्यांनी किडनी बसवायची ठरली. अप्पांना साखर. तू एकवीस वर्षांची, लग्न ठरलेली. डॉक्टरांनी कोण देणार म्हणून विचारायच्या आधीच अव्वा उठून उभी राहिली. "माझी घ्या," म्हणाली. "नऊ महिने ह्यो माझ्या पोटात व्हता, आता मी ह्याच्या पोटात राहीन." आणि हसली. डॉक्टरही हसले. मी सोळा वर्षांचा होतो, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पहिलं वर्षभर नळी तीच घालायची. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. हात स्वच्छ धुवायची, माझ्या तोंडाकडे न बघता म्हशीचं, रानातलं काहीबाही बोलत राहायची आणि भांड्यात धार पडली की गप्प व्हायची. ती धार ती कान देऊन ऐकायची. "माझी चालू हाय," म्हणायची. 'तुझी' असं ती त्या किडनीला कधी म्हणाली नाही. पुढे मी माझं करायला शिकलो, उदगीरला कॉलेजात आलो, तिथल्याच ग्रंथालयात नोकरी लागली. दुपारची वेळ कामाच्या गडबडीत चुकेल म्हणून ती बरोबर दोनला फोन करायची. "झालं का रे?" "झालं." की फोन बंद. एवढंच बोलणं. पण तो फोन कधी चुकला नाही, तुझ्या बाळंतपणात ती नांदेडला होती तेव्हाही नाही. आणि पोटात उजवीकडे खाली, कातडीच्या लगेच आत, तिची किडनी होती. हात ठेवला की मुठीएवढी लागायची.

अव्वा गेली तो दिवस तुला माझ्याहून जास्त आठवत असेल, कारण तू रडू शकलीस. मी त्या दिवशी काय केलं ते तुला माहीत नाही. सकाळी सहाला तिच्या डोक्यातली नस फुटली, उदगीरच्या दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. नऊ वाजता घरी आणली. आपल्या लिंगायतांत बसवतात तसं तिला ओसरीवर मांडी घालून बसवलं, पाठीला टेकू, कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात हार, तळहातावर इष्टलिंग. समोर भजन चालू होतं. तुला पोचायला अजून वेळ होता. दोन वाजले आणि माझं पोट भरलं. मी गोठ्यामागे गेलो, नळी घातली. धार पडली. ऊन, भरपूर, रोजच्यासारखी. भिंतीच्या पलीकडे ती बसली होती, तिचं काळीज थांबून आठ तास होत आले होते, बोटं ताठ झाली होती. आणि इथं तिचं काम चालूच होतं. थांबायचं आहे हे तिथवर कुणी कळवलंच नव्हतं. माझ्या तोंडून सवयीनं निघून गेलं, "झालं, अव्वा." तसं माझ्या हाताखाली, त्या जागी, आतून काहीतरी सरकलं. झोपलेलं लेकरू कूस बदलतं तसं.

संध्याकाळी तिला खड्ड्यातल्या कोनाड्यात बसवताना गंगम्मा आत्यानं तिच्या डाव्या कुशीवरून हात फिरवला. ऑपरेशनचा वण हाताला लागला असणार. विधी करणाऱ्या अय्यांना तिनं हळूच विचारलं, "हिचं एक आंग हितं न्हाई. चालतंय का?" अय्या विभूती टाकत राहिले. त्या गलक्यात ते कुणाला ऐकू गेलं नाही. मी जवळ होतो, मला गेलं.

दहा-बारा दिवसांनी तू नांदेडला परत गेलीस. त्याच आठवड्यात शेजारची अयोध्या घागर तिथंच टाकून ओरडत आली. भर दुपारी तुमची अव्वा, साखराबाई, गोठ्यामागं उभी हाय, म्हणाली; डाव्या कमरेवर हात, वाकलेली, भिंतीला कान लावून काहीतरी ऐकत असल्यासारखी. बायांनी तिला ऊन लागलं म्हणून कांद्याचा रस पाजून झोपवलं. गोठ्यामागे मी काय केलं होतं ते मी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. अयोध्याला ती जागा कुठून सुचली?

मग अप्पा. अप्पांनी जन्मात मला स्वतःहून फोन केला नव्हता, तुला ठाऊक आहे. मार्चमध्ये एक दिवस बरोबर दोन वाजता त्यांचा फोन आला. "शिवा, तुझी अव्वा इचारून राहिली, झालं का?" मला वाटलं, माणूस खचलाय, तिची आठवण काढून बोलतोय. मी "झालं" म्हणालो. त्यांनी फोन बाजूला धरला आणि कुणाला तरी सांगितलं, "झालं म्हनतोय." मग थांबले, समोरचं कुणी बोलत असलं की थांबतात तसे. "बरं," म्हणाले आणि फोन ठेवला. त्यानंतर रोज. रविवारी मी गावी असलो तर दोन वाजता ते माझ्याजवळ यायचे, झालं का विचारायचे आणि माजघराकडे बघून मान हलवायचे. अप्पा का वाळत चाललेत म्हणून तू विचारायचीस आणि मी सांगायचो, अव्वाची सवय होती, दुसरं काय. ते ताटात अर्धी भाकर ठेवून उठायचे. माझ्या चेहऱ्याकडे बघेनासे झाले, पोटाकडे बघायचे. एकदा म्हणाले, "लई दुखतंय रे तिला. बसून बसून कंबर धरलीया. उठायचं म्हनती, पर उठता येईना."

माझे रिपोर्ट मात्र सुधारत होते. हैदराबादचे डॉक्टर कागद बघून म्हणाले, "अकरा-बारा वर्षांची किडनी आहे, आणि आता पाच वर्षांपूर्वीपेक्षा चांगली चाललीय. काय करता तुम्ही?" मी काहीच वेगळं करत नव्हतो. परतीच्या गाडीत मी सगळा वेळ त्या जागेवर हात ठेवून बसलो होतो. आत एक ठोका लागत होता. किडनीत रक्त खेळतं, ठोका लागतोच, हे मला कळतं. तो माझ्या मनगटातल्या ठोक्याच्या किंचित मागून येत होता. मी बिदरपर्यंत मोजत आलो.

वर्षाच्या पूजेला गंगम्मा आत्यानं मला अव्वाच्या समाधीपाशी नेलं. माती डाव्या बाजूनं खचली होती, उजवीकडे जशीच्या तशी होती. "दोनदा भरली," आत्या म्हणाली, "पुन्ना बसती." मग माझा हात धरून तिनं सांगितलं, "माणूस सगळं गेलं की लिंगैक्य झालं, द्येवात मिळालं. हिचं अर्धं गेलं, अर्धं तू तुझ्यात कामाला लावून ठिवलंस. जनावरालासुदिक सांजच्याला औतातनं सोडत्यात रे." मी तिच्यावर ओरडलो. पुढे सहा महिने तिच्याशी बोललो नाही. तुला वाटलं, बांधावरून बिनसलं असेल. हे बिनसलं होतं.

आता ग्रंथालयातलं लिहितो. इतके दिवस मी स्वतःला समजावत आलो होतो की अयोध्या भित्री, अप्पा म्हातारे, आत्या जुन्या वळणाची. त्या वर्षी दिवाळीनंतर आमच्याकडे भुजंग नावाचा नवा वॉचमन आला, जळकोटचा. त्याला येऊन चार दिवस झाले होते. त्यानं आपलं गाव बघितलेलं नव्हतं आणि अव्वाचा फोटोही नाही. दुपारी मी नळी उरकून बाहेर आलो तर तो म्हणाला, "सर, तुमच्या आई आलत्या. शिवा हितंच हाय न्हवं, म्हनल्या. आत चला म्हनलं तर न्हाई म्हनल्या. बाकड्यावर बसल्या व्हत्या आत्तापतोर." मी विचारलं, दिसायला कशा होत्या? हिरवं लुगडं, कपाळभर भस्म, पाय मातीनं भरलेले. ते लुगडं संध्याकाळी न्यायच्या आधी तू तुझ्या हातानं तिला नेसवलेलं, अक्का. भुजंग पुढं म्हणाला, "कमरंला हात लावून वाकल्या व्हत्या. दवाखान्यात नेऊ का म्हनलं. तर म्हनल्या, नगं बाबा, माझं एक हितं काम करून राहिलंय, त्येला सुट्टी झाली की जाते." बाकड्याखाली फरशीवर माती पडलेली होती. मी वाकून हात लावला. काळी, ओली. महिनाभर उदगीरला पाऊस नव्हता. मी बघत असतानाच भुजंगनं ती झाडून सुपलीत भरली आणि बाहेर टाकली.

त्यानंतर मला दोनची धार ऐकवेना. भांड्यात पडायला लागली की मी नळ सोडून ठेवायचो. पाणी प्यायलो की वाटायचं, हे आता तिला उपसावं लागणार. डिसेंबरभर मी पाणी कमी प्यायलो, तेवढाच तिला आराम. हे वेडेपण आहे हे मला तेव्हाही समजत होतं. समजून थांबवता आलं नाही.

मी रोज सकाळ-संध्याकाळ ज्या गोळ्या घ्यायचो त्यांचं काम तुला माहीत आहे. आत दुसऱ्याचं काही बसवलंय हे शरीराला ओळखू येऊ नये, म्हणून त्या. तेरा वर्षं माझ्या शरीराला ओळख पटू दिली नव्हती. दोन हजार चोवीसच्या जानेवारीत, दुसऱ्या सोमवारी सकाळी, मी गोळी हातात घेतली आणि परत डबीत ठेवून डबी बंद केली. कुणालाच सांगितलं नाही. नळी मात्र वेळेवर घालत राहिलो, तिला कोंडायचं नव्हतं. आठवडाभर काही झालं नाही. मग ती जागा दुखायला लागली, ताप भरला. हाताखाली ती सुजून मोठी लागायला लागली आणि इतकी गरम की सदऱ्यातून कळायचं. मी हात ठेवून "जा अव्वा, आता जा" म्हणत राहायचो. धार बारीक होत गेली. वाटी, मग अर्धी वाटी, मग चमचाभर. अठराव्या दिवशी दुपारी दोनला ग्रंथालयात नळी घातली आणि काहीच आलं नाही. मी नळी तशीच धरून बसून राहिलो. भुजंगनं दार वाजवलं, उत्तर नाही म्हणून कडी तोडली आणि मला रिक्षात घातलं. तिथून लातूर, मग तू आलीस, पुढचं तू बघितलंस.

त्या दिवशी दोनला अप्पांचा फोन आला नाही. पुन्हा कधीच आला नाही. अयोध्यानं नंतर मला सांगितलं, त्या संध्याकाळी म्हातारा तीन भाकरी जेवला आणि ओसरीवर पडल्या पडल्या घोरायला लागला. समाधीची माती त्या पावसाळ्यात खचली नाही. भुजंगला मी दोन-तीनदा विचारलं, आई आल्या होत्या का? त्यानं नाही म्हणून सांगितलं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

तू मुलांना विज्ञान शिकवतेस. तुला यातलं काही पटणार नाही आणि पटलं नाही तर बरंच आहे. अप्पांना भास होत होते, भुजंगनं दुसऱ्याच कुणाची आई बघितली, माती कुणाच्याही पायाला लागलेली असते. हे सगळं मी स्वतःला सांगून बघितलंय. पण एक गोष्ट आहे जी तुझ्या विज्ञानात बसेल. डबी बंद करताना मला अव्वाची दया आली होती, हे खरं. उद्यापासून ही डबी नको, ही नळी नको, हे घड्याळ नको, असं हलकंही वाटलं होतं, तेही खरं. आधी कोणतं आलं ते मला आजही सांगता येत नाही. मी तिला सोडवलं म्हणावं तर कधी कधी वाटतं, मी फक्त स्वतःला सोडवायला बघत होतो आणि तिला निमित्त केलं. आणि सुटलो म्हणावं तर आता आठवड्यात दोन दिवस मशीनला बांधलेला असतो. दुपारी दोनला ग्रंथालयाच्या त्या बाकड्यावर जाऊन बसतो. कुणी येत नाही. आणि कुणी येत नाही याचंच मला भय वाटायला लागलंय. परवा तर मनात आलं, की पुढे कधी तू माझ्याआधी गेलीस, तर भर दुपारी पुनमला कोण दिसेल?

हे सगळं आजच का लिहिलं ते आता सांगतो. लातूरला डॉक्टरांनी माझ्या रक्तात त्या गोळीचं प्रमाण तपासलं तेव्हा ते शून्य निघालं. त्यांनी विचारलं, गोळ्या घेत नव्हता का? तू माझ्या पायाशी उभी होतीस. मी म्हणालो, संपल्या होत्या, नांदेडहून बहिणीचं पार्सल वेळेवर आलं नाही. त्या महिन्यात पुनमच्या गॅदरिंगच्या घाईत तू पार्सल ऑफिसात न जाता ते उदगीरच्या गाडीच्या कंडक्टरच्या हातात दिलं होतंस, पावती घेतली नव्हतीस. तुझा चेहरा पडलेला मी बघितला आणि गप्प राहिलो. "माझ्या घाईपायी अव्वाची किडनी गेली" हे गेली दोन वर्षं तू म्हणत आलीस. माझ्यासमोर म्हणालीस, दाजींसमोर म्हणालीस, अव्वाच्या समाधीवर डोकं टेकून म्हणालीस, आणि मी एकदाही तुला थांबवलं नाही. अक्का, ते पार्सल त्याच संध्याकाळी आलं होतं. कंडक्टर स्वतः खोलीवर येऊन देऊन गेला. ते माझ्या कपाटात आहे, त्याचा दोराही मी सोडलेला नाही. पुढच्या गुरुवारी हॉस्पिटलची समिती तुला एकटीला आत बोलावेल, कॅमेरा लावतील आणि विचारतील, भावाला किडनी कशासाठी देताय, स्वतःच्या मर्जीनं देताय का? तू काय उत्तर पाठ केलंयस ते मी ओळखतो. ते उत्तर माझ्या खोट्यावर उभं आहे. तुझ्याकडून काही चुकलेलं नाही, तुला कशाची भरपाई करायची नाही. मला जगायचं आहे, आणि मिळाली तर या वेळी मी एक गोळी चुकवणार नाही. पण माझ्या शब्दावर आता किती भरवसा ठेवायचा ते तू ठरव. द्यावीशी वाटली तर हे सगळं माहीत असताना दे. नको वाटलं तर तिथं नुसतं नाही म्हण. नकाराचं कारण ते बाहेर कुणालाच कळू देत नाहीत, मलाही नाही, असं तिथल्या बाईंनी मला सांगितलंय. मी विचारणार नाही.

तुझाच,
शिवा